मथळ्याखालचा मजकूर

मी नोकरीला लागले त्या वर्षी सिडकोतल्या आमच्या ऑफिसात प्यायचं पाणी जारनं यायचं आणि वापरायचं टँकरनं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली टाइल्सचं दुकान. टँकर आला की दुकानदार खालून हाक मारायचा आणि आमच्यातलं कुणीतरी जाऊन मोटर चालू करायचं. लागोपाठ दुसरं दुष्काळी वर्ष होतं ते. तरी टाइल्सचा खप जोरात होता, कारण शहर चारी बाजूंनी वाढत चाललं होतं. आमचं गाव पैठण रोडला, चितेगावच्या पुढं. तिथून रोज काळीपिवळीनं येताना अधूनमधून एखाद्या नव्या रानात पांढरे दगड रोवलेले दिसायचे, प्लॉटिंगचे. त्या रानांतून आमची मेंढरं चरायची.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी त्या हिवाळ्यात निम्मी मेंढरं विकली आणि उरलेली घेऊन ते चुलत्याबरोबर गोदाकाठाला गेले. भाऊ वाळूजला कंपनीत होता, शिफ्टच्या बसनं जायचा-यायचा. मी बीसीए केलेलं. मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करते हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं, आई विचारणाऱ्याला म्हणायची, "पुस्तकं नीट करती."

तसं ते चुकीचं नव्हतं. जुनी पुस्तकं, अहवाल, वेबसाइटची पानं एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायची, हाच आमचा धंदा. आम्ही सहाजण होतो. मालकाला आम्ही सर म्हणायचो. पुण्यात काही वर्षं नोकरी करून ते गावी परतले होते आणि सगळं कालच व्हायला हवं होतं अशा घाईत असायचे. आणि एक काका होते. साठीला आलेले. गुलमंडीच्या मागं एका छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडल्यावर सरांनी त्यांना तयार काम वाचून बघायला ठेवलं. काकांच्या घरात पूर्वी भिक्षुकी होती, मग निजामाच्या कचेरीतली कारकुनी. ते स्वतः मात्र "आपला वंश छापखान्याचा" असं म्हणायचे. स्क्रीनवर वाचायला त्यांना आवडत नसे. प्रिंट काढून, स्टुलावर पाय घेऊन, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट पुटपुटत वाचायचे. त्यांच्याशेजारी कुणी बसायला तयार नव्हतं म्हणून ती खुर्ची माझ्या वाट्याला आली.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक मोठं काम आलं. शेतकऱ्यांसाठी माहिती देणारी एक संस्था होती. तिच्या शे-दीडशे पुस्तिका वेबसाइटवर होत्या, प्रत्येक पुस्तिका म्हणजे एक लांबच लांब पान. त्यांना त्या मोबाइलवर आणायच्या होत्या. शेतकऱ्यानं विषयावर बोट ठेवलं की तेवढाच विषय उघडला पाहिजे, अशी त्यांची अट होती.

अडचण अशी की त्या पानांत विषय असे नव्हतेच. मोठा मथळा, मधला मथळा, लहान मथळा, परिच्छेद, अशा खुणा होत्या, पण सगळं एकाखाली एक, एकाच पातळीवर. हा परिच्छेद या मथळ्याच्या पोटातला, हा लहान मथळा त्या मोठ्याच्या पोटातला, असं कुठंही सांगितलेलं नव्हतं. वाचणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मोबाइलला सांगावं लागतं, कारण त्याला एक तुकडा उचलायचा असतो आणि तुकडा कुठं सुरू होऊन कुठं संपतो हे माहीत असल्याशिवाय तो उचलता येत नाही.

सुरुवातीला आम्ही चौघं ते हातानं करत होतो. मथळा दिसला की त्याच्या आधी विभाग उघडायची खूण, मजकूर संपला की बंद करायची खूण. कुठंतरी एखादी बंद करायची राहायची आणि आख्खी फाइल रुसून बसायची. चार दिवसांत आमच्या हातून जेमतेम सहा पुस्तिका बाहेर पडल्या. सर माझ्या टेबलाशी आले.

"स्टाइलशीट लिहून होतं का बघ. कॉलेजात शिकवलंय ना?"

"ओळख करून दिलीय सर. शिकवलं नाही."

"मग ओळख वाढव."

स्टाइलशीट म्हणजे नियमांची एक फाइल. एका बाजूनं मूळ पान आत घालायचं, ती फाइल नियम लावत जाते, दुसऱ्या बाजूनं नवं पान बाहेर पडतं. असं दिसलं तर असं लिही, तसं दिसलं तर तसं. मी इंटरनेटवरून शोधून, लोकांनी दिलेली उत्तरं छापून घेऊन कामाला लागले. माझा पहिला नियम मला अजून पाठ आहे. प्रत्येक मथळा घे, एक विभाग उघड, मथळ्यानंतर येणारं सगळं त्यात टाक, विभाग बंद कर. वाचायला किती बरोबर वाटतं! चालवलं तर मशीन बराच वेळ घरघरलं आणि छोट्याशा पुस्तिकेची भलीमोठी फाइल बाहेर आली. पहिल्या मथळ्याखाली सगळी पुस्तिका. दुसऱ्याखाली पहिला विषय सोडून सगळी. तिसऱ्याखाली पहिले दोन सोडून सगळी. "मथळ्यानंतर येणारं सगळं" म्हणाले होते, त्यानं शब्दशः ऐकलं.

मग "पुढचा मथळा येईपर्यंत" असं सांगायला गेले, तर थांब म्हणायची सोयच तिथं नव्हती. वाचत वाचत पुढं जायचं आणि वाटेत थांबायचं, असं ती भाषा काम करत नाही. तिला एका झटक्यात सांगावं लागतं की तुला कोणते परिच्छेद हवेत. दोन दिवस मी तिथंच अडकले. डबा खाताना काकांनी विचारलं, "काय गं, जेवण का जात नाही?"

मी त्यांना प्रिंट दाखवली. "काका, तुम्ही वाचताना हा परिच्छेद कोणत्या विषयातला हे कसं ठरवता?"

"ठरवायचं काय त्यात? वर बघतो. वर जाताना पहिला जो मथळा भेटेल, तो त्याचा."

"म्हणजे मथळ्याला विचारत नाही, तुझे परिच्छेद कोणते म्हणून?"

"मथळ्याला काय माहीत?" काकांनी लोणच्याची फोड माझ्या डब्यात ठेवली. "परिच्छेदाला विचारायचं, तुझा मथळा कोणता."

मी डबा तसाच ठेवून उठले. हे त्या भाषेत अगदी सांगण्यासारखं होतं: ज्यांच्या मागं सगळ्यात जवळचा मथळा हाच आहे, तेवढेच परिच्छेद घे. मग तीच गोष्ट एक पायरी वर. लहान मथळ्याला विचारायचं, तुझ्या मागचा जवळचा मधला मथळा कोणता. मधल्याला विचारायचं, तुझा मोठा कोणता. संध्याकाळी आख्खी पुस्तिका एकात एक नीट बसून बाहेर आली. सरांनी स्क्रीनकडे बघून टेबलावर थाप मारली आणि सगळ्यांना कचोरी मागवली.

पुढचा आठवडा डागडुजीत गेला. काही पुस्तिकांत मथळ्याआधीच एक-दोन परिच्छेद होते, प्रस्तावनेसारखे. त्यांनी वर बघितलं तर मथळा भेटतच नव्हता, म्हणून ते बिनघरचे होऊन गायब झाले. काकांनी मूळ आणि नवं शेजारी धरल्यावर ते सापडले, आणि मी त्यांच्यासाठी एक वेगळा नियम लिहिला. कुठं मोठ्या मथळ्यानंतर एकदम चौथ्या पातळीचा मथळा, कारण टाइप करणाऱ्याला ते अक्षर गोड दिसलं असावं. कुठं मथळाच नाही, नुसता जाड ठशातला परिच्छेद. त्याही वाटा बुजवल्या. शेवटी सगळ्या पुस्तिका एका दमात चालल्या. सरांनी संस्थेला फोन करून सोमवारी देतो असं सांगूनही टाकलं.

"शुक्रवारपर्यंत मला वाचू दे," काका म्हणाले.

"काका, नियम एकच आहे," सर म्हणाले, "एका ठिकाणी बरोबर म्हणजे सगळीकडं बरोबर."

"असेल. पण मला पगार वाचायचा मिळतो ना?"

सर हसले आणि गेले. काकांनी वाचायला हाताला येईल ती पुस्तिका घेतली नाही. दुष्काळातल्या चाऱ्याची काढली. का, तर त्या वर्षी तीच लोक आधी उघडतील म्हणून. दुपारी त्यांचं पुटपुटणं थांबलं. मग त्यांनी मला बोलावलं.

"हे बघ. मुरघास. म्हणजे चारा कापून, दाबून, हवा न लागू देता मुरवून ठेवायचा, बरोबर? सगळं सांगितलंय. आणि शेवटी हा परिच्छेद: 'सावधान. फुलोऱ्यात न आलेली, पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी जनावरांना चारू नये. विषबाधा होऊन जनावर दगावते.' हा इथं कसा?"

मी मूळ पान उघडलं. तिथंही तो परिच्छेद मुरघासाच्या मजकुरानंतरच होता. स्टाइलशीटनं वर बघितलं, जवळचा मथळा मुरघासाचा भेटला, त्याच्या पोटात टाकला. नियमाप्रमाणं अगदी बरोबर. काका म्हणाले, "ही छापील पुस्तकातली चौकट आहे. पानाच्या तळाला आडवी टाकलेली असणार. वेबसाइटवर चढवणाऱ्यानं पान वरून खाली टाइप केलं, चौकट शेवटी आली. लांब पानावर चालून गेलं, नजर सगळीकडं फिरते. आता तुझ्या मोबाइलवर 'उभी ज्वारी चारणे' हा विषय सुटा उघडला, तर त्यात ही सूचना नाही."

मी तो विषय उघडला आणि वाचला. उभ्या पिकात जनावरं किती वेळ सोडावी, कडब्याची कुट्टी कशी द्यावी. विषाचा शब्द नाही.

कोवळ्या ज्वारीच्या या विषबाधेला आम्ही किराळ लागणं म्हणतो. मी तिसरी-चौथीत असेन. असंच पाणी नसलेलं साल. काढणी झालेल्या ज्वारीच्या धसकटांना थोड्या ओलीवर हिरवेगार फुटवे आले होते, गुडघ्याच्याही खाली. दोन दिवस उपाशी असलेली मेंढरं बांध ओलांडून आत घुसली. आबा आणि चुलते ओरडत धावले, मी मागं. आम्ही पोचेस्तोवर पुढची मेंढरं धापा टाकायला लागली होती. तोंडाला फेस, पाय लटपटत होते. एक मेंढी माझ्यासमोर आडवी झाली आणि पाय झाडत राहिली. आबा एकेकीला खेचून बाहेर काढत होते, आणि बाहेर काढलेली परत आत जात होती, कारण भूक. संध्याकाळी बांधाला ओळीनं मेलेली मेंढरं ठेवली होती. त्यातली एक गाभण होती. आईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

काकांनी ती सूचना दाखवली त्या दुपारी मी जिन्यात जाऊन आबांना फोन लावला. रेंज जात-येत होती.

"आबा, किराळ लागती ती ज्वारी मुरघासात घातली तर चालती का?"

"तू कशाला विचारती?"

"कामाचं हाये."

"चालती की. मुरल्यावर, वाळल्यावर इख उतरतं, असं दवाखान्यातले डॉक्टर सांगत्यात. कोवळी उभी खाल्ली की मरण." मग म्हणाले, "तुला ध्यानात हाये का गं ते? लई वंगाळ दिस होता."

"व्हय," मी म्हणाले.

म्हणजे नुसती सूचना हरवली नव्हती, उलटी झाली होती. ज्या मुरघासानं धोका कमी होतो त्याच्याच खाली "सावधान" आलं होतं, आणि जिथं मरण होतं तिथं काहीच नव्हतं. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. काका पाठीमागं उभे राहिले.

सरांनी ऐकून घेतलं. "पण मूळ पानात चूक आहे. आपल्याला मजकुराला हात लावायचा नाही असं त्यांनी लिहून दिलंय."

"मूळ पानात चूक नाही सर. लांब पानावर ती सूचना सगळ्यांना दिसत होती. आपण तुकडे केले म्हणून ती लपली."

"आपण त्यांनी सांगितलं म्हणून तुकडे केले."

"हो. म्हणून त्यांना सांगायला पाहिजे."

सरांनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, सगळा मजकूर तपासून मंजूर झालेला आहे, जसा आहे तसा द्या. सरांनी फोन ठेवला आणि पेन टकटक वाजवत बसले. आता विषय संपला असं मला वाटलं. मी चिडले होते. मग सरच म्हणाले, "फोनवर हे कुणालाच कळणार नाही. मला तरी कुठं कळलं पहिल्यांदा? दाखवावं लागेल. काका, चष्मा घ्या. चला."

सरांच्या गाडीतून आम्ही तिघं संस्थेत गेलो. तिथं पशुवैद्य असलेले एक डॉक्टर त्या पुस्तिकांचं काम बघायचे. टेबलावर गोचिडांच्या औषधाच्या बाटल्या, भिंतीला गायीचं चित्र. ते घाईत होते. सरांनी काही समजावलं नाही. मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "डॉक्टर, समजा तुम्ही शेतकरी आहात. शेतात खुरटी ज्वारी उभी आहे, घरात वैरण नाही. बघा काय सापडतं."

डॉक्टरांनी यादीतून "उभी ज्वारी चारणे" उघडलं. वाचलं. बोटानं वर सरकवलं.

"खाली?"

"खाली काही नाही," मी म्हणाले. "विषय इथं संपतो."

"किराळीचं कुठंय?"

"मुरघासात."

त्यांनी मुरघासाचा विषय उघडला, शेवटपर्यंत गेले आणि खुर्चीत मागं रेलले. "अरे बापरे," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन शिपायाला सांगून आले की अर्धा तास कुणाला पाठवू नका. चूक कुणाची ही चर्चा झालीच नाही. त्यांनी काकांना विचारलं, "अशा चौकटी आणखी असतील?"

"प्रत्येक पुस्तिकेत असतील. छापताना जिथं जागा मिळेल तिथं टाकतात त्या."

ते खरं निघालं. औषधाचं प्रमाण, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, गाभण जनावराला काय देऊ नये. जे सगळ्यात महत्त्वाचं, तेच चौकटीत, आणि चौकट भलत्याच मथळ्याखाली. कोणती चौकट कुठल्या विषयाची, हे नियम लिहून कळण्यासारखं नव्हतं. ते जाणकारालाच वाचून ठरवावं लागणार होतं. डॉक्टर आणि त्यांचे दोन सहकारी, एक पिकांचे आणि एक मातीचे, यांनी ते अंगावर घेतलं. काका सगळ्या चौकटी शोधून प्रिंट काढून द्यायचे, ते लोक पेन्सिलीनं विषय लिहून पाठवायचे, आणि मी चौकटीला एक नवी खूण द्यायचे: ही अमुक विषयाची. एखादी दोन-तीन विषयांची असायची. स्टाइलशीटमध्ये नियम वाढला. चौकट वाटेत भेटली तर तिथं ठेवायची नाही. तिच्या विषयाच्या अगदी वर, मथळ्याला लागून ठेवायची, आणि जितक्या विषयांची असेल तितक्या ठिकाणी. तो नियम लिहिताना मी पुष्कळ चुकले. एकदा सगळ्या चौकटी सगळ्या विषयांवर आल्या आणि दूध काढण्याच्या पुस्तिकेत प्रत्येक मथळ्याखाली खरजेचा इशारा छापला गेला. काकांनी तो कागद दिवसभर सगळ्यांना दाखवला.

तो उन्हाळा असाच गेला. टँकर चार दिवसांनी यायला लागला तेव्हा सरांनी आम्हाला दुपारी एकलाच सोडायला सुरुवात केली. उरलेलं काम मी घरी नेऊन करायचे, वीज असेल तेव्हा. काम सोमवारच्या जागी पार जूनअखेर गेलं. त्याचा सरांना त्रास झाला, त्यांनी तो बोलूनही दाखवला, पण आम्हाला कधी दोष दिला नाही. संस्थेनं मोबाइलचं ॲप सुरू केलं. किती लोकांनी वाचलं, कुणाचं जनावर वाचलं, हे मला कळलं नाही आणि मी विचारायलाही गेले नाही. आबांच्या मोबाइलमध्ये मी ते घालून दिलं होतं. त्यांनी एकदा उघडून बघितलं आणि म्हणाले, "अक्षर बारीक हाये." त्यावर मी अक्षर मोठं करायची सोय करायला सांगितली, डॉक्टरांनी ती करून घेतली.

दिवाळीनंतर काका मुलीकडं नाशिकला राहायला गेले. इथं त्यांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवून चढवून काकूंचे गुडघे गेले होते. जायच्या आधी एक आठवडा त्यांनी हट्टानं माझ्याकडून स्टाइलशीट शिकून घेतली. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी एक लहानसा नियम लिहिला: दोन पूर्णविराम एकापुढं एक आले तर एक काढून टाक. तो चालला. त्यांनी उठून कुणालाही न सांगता खालून चहा आणला, स्वतःच्या हातानं, ट्रेमध्ये.

त्यांच्या जागी सरांनी दुसरं माणूस घेतलं नाही. वाचायचं काम माझ्याकडं आलं आणि माझं काम नव्या आलेल्या दोन मुलींकडं. त्यांना मी पहिल्या दिवशी फाइल न उघडता नुसती छापील पुस्तिका वाचायला दिली, तेव्हा त्या एकमेकींकडं बघून हसल्या. नंतर त्याही वाचायला लागल्या. संस्थेनं फळबागांच्या पुस्तिका पाठवल्या. पहिलीच मोसंबीची होती. तिच्यात चौकटी नव्हत्या, पण तक्ते होते, आणि तक्त्यांचं दुखणं निराळंच निघालं: मोबाइलवर रकाने तुटायचे आणि कोणता आकडा कशाचा हे कळायचं नाही.